कल्याणच्या लोहाराची वाट

टिटवाळ्यात वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावाची गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. इथे कण्वमुनींचा आश्रम होता, शकुंतलेने गणपतीची स्थापना केली, पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांचं नाव मंदिराशी जोडलं गेलं, हे त्याला घरात, रांगेत, फुलवाल्याच्या टपरीवर ऐकायला मिळतं. अंगारकीला कसारा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हा त्याच गोष्टीचा शेवटचा अध्याय. यातली आख्यायिका किती आणि इतिहास किती, हा वेगळा प्रश्न. गाव आपलं आणि गोष्ट गावाची, एवढं त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं.

आता त्याच मुलाला विचारावं, बौद्ध धर्म कुठला? उत्तर बहुधा ‘नेपाळ’ नाहीतर ‘बिहार’ असं येईल. पुस्तकात तसंच आहे आणि ते चूकही नाही. पण इथून तीन-चार स्टेशनांवर असलेल्या कल्याणचा एक लोहार, नंद त्याचं नाव, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या डोंगरावर गेला आणि तिथल्या भिक्षूंसाठी त्याने एक पायवाट करून दिली. ते दान त्याच्या नावानिशी ब्राह्मी लिपीत खडकावर कोरलेलं आहे. कल्याणच्याच स्वामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे पाण्याचं टाकं खोदवून दिलं. बौद्ध धर्म या परिसरात राजाच्या फर्मानाने अवतरला नव्हता. लोहार, सोनार आणि व्यापारी यांनी पदरमोड करून तो इथे रुजवला. ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या शाळेत सांगितली जात नसेल, तर विषय शिकवायला सुरुवातच झाली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांची ओळख करून दिलेली आहे. वर्धमान महावीर आणि गौतम बुद्ध ही दोन नावं तिथे शेजारी-शेजारी येतात. लुंबिनीत जन्म, शुद्धोदन आणि महामाया हे आईवडील, गृहत्याग, बोधगयेला ज्ञानप्राप्ती, सारनाथला पहिलं प्रवचन, चार आर्यसत्यं, पंचशील, अष्टांगिक मार्ग. माहिती बरोबर आहे, भाषाही सोपी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाला दोष देऊन कुणाचं समाधान होणार असेल तर होवो, पण अडचण पुस्तकाबाहेर सुरू होते. परीक्षेत ‘अष्टांगिक मार्गातील कोणतीही चार तत्त्वे लिहा’ असं येतं आणि मुलं ‘सम्यक’ हा शब्द आठ वेळा घोकतात. सम्यक आजीविका म्हणजे कोणता धंदा करावा आणि कोणता करू नये, एवढा एक प्रश्न वर्गात टाकला तर तास पुरणार नाही. तो टाकला जात नाही, कारण त्याला गुण नाहीत.

खरं तर मुलांना या विषयाची ओळख फार आधी झालेली असते, फक्त तिचं नाव त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माकडाचं काळीज झाडावर राहिलं म्हणून मगरीची फजिती झाली, बडबड आवरता न आल्याने हंसांबरोबर उडणारं कासव खाली आपटलं, या गोष्टी बालवाडीतलं पोरही सांगतं. दोन्ही जातककथांमध्ये आहेत. पालीतल्या जातकसंग्रहात अशा साडेपाचशेच्या घरात कथा आहेत. दुर्गा भागवतांनी त्या ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने अनेक खंडांत मराठीत आणल्या. म्हणजे ग्रंथालयात मराठी साधन तयार आहे, आणि गोष्ट मुलाच्या तोंडात आधीपासून आहे. मध्ये उभ्या असलेल्या शिक्षकाने दोन्हींची गाठ तेवढी घालून द्यायची.

सुरुवात सोपाऱ्यापासून करावी. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत नालासोपारा हे ठाणे जिल्ह्यातलंच गाव. आज ते नाव ऐकलं की विरार लोकलची गर्दी आठवते. पण शूर्पारक, म्हणजे हाच सोपारा, हे पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं, नामांकित बंदर होतं. तिथे ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी एक टेकाडवजा जागा होती. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ती खणली. हा माणूस मूळचा जुनागढचा. डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली शिलालेखांवर काम करत तो देशातल्या मोठ्या पुराविदांमध्ये गणला गेला. टेकाडाखाली विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, सर्वांत आतली सोन्याची, आणि तिच्यात भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या मातीच्या खापऱ्या. भोवती आठ बुद्धांच्या धातूच्या लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. त्या मूर्ती स्तूपापेक्षा पुष्कळ अलीकडच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जातात. म्हणजे एकदा बांधलेला स्तूप शेकडो वर्षांनी कुणीतरी पुन्हा उघडला होता, त्यात श्रद्धेने भर घातली होती आणि तो परत बंद केला होता. पुरातत्त्व म्हणजे काय, हे सहावीच्या मुलाला समजावून सांगायला याहून बरं उदाहरण शोधावं लागणार नाही.

त्याच वर्षी सोपाऱ्यात भगवानलालांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. दोन्ही लेखांचा आशय मुलांना कळण्यासारखा आहे. आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहलींवर निघत. आपण मात्र बोधिवृक्षाचं दर्शन घेतल्यापासून धर्मयात्रा सुरू केल्या, ज्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, दान द्यायचं, गावोगावच्या लोकांशी बोलायचं. (डिसेंबरात वॉटर पार्कच्या बसगाड्या ठरवणाऱ्या शाळांनी हा लेख फळ्यावर लिहायला हरकत नाही.) नवव्यात आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक करत असलेल्या नाना विधींचा उल्लेख आहे. राजा म्हणतो, विधी करा, पण त्यांचं फळ थोडं. दासांशी आणि चाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांना न दुखवणं, श्रमणांना आणि ब्राह्मणांनाही दान देणं, हाच मोठा मंगलविधी. यात बुद्धाचं नाव कुठेही नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावं. अशोक स्वतः बौद्ध होता, पण प्रजेला उद्देशून बोलताना त्याने कोणत्याही एका पंथाचा प्रचार केला नाही. शाळेने धर्माविषयी कसं बोलावं, याचा हा बावीसशे वर्षांपूर्वीचा नमुना समजायला हवा.

सोपाऱ्याशी जोडलेली तिसरी गोष्ट पुण्णाची. सुनापरान्ताचा, म्हणजे याच कोकणपट्टीचा मानला जाणारा हा व्यापारी श्रावस्तीला गेला, भिक्षू झाला आणि आपल्या मुलखात परत यायला निघाला. संस्कृत बौद्ध कथांत त्याचं गाव शूर्पारकच दिलं आहे. निरोप देताना बुद्धाने त्याला विचारलं, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाला, हात तर उगारला नाही, म्हणजे भले लोक आहेत असं समजेन. आणि हात उगारला तर? ढेकळं तर मारली नाहीत. ढेकळं मारली तर? काठी, मग शस्त्र, मग थेट प्राण, असा हा संवाद पायरी-पायरीने चढत जातो. मज्झिमनिकायात तो आहे. कोकणातल्या माणसांच्या तापटपणाचा इतका जुना लेखी दाखला दुसरा मिळणं कठीण. तेवढ्यासाठी तरी मुलांना तो आवडेल. पण वर्गाला खरा वाद घालण्यासारखा प्रश्न त्यापुढे आहे. पुण्णाने हे योग्य केलं का? मार खाणाऱ्याने मारणाऱ्याला भला म्हणावं का? ज्या मुलाला वर्गात रोज कुणीतरी चिडवतं, तो या प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल आणि चिडवणारा वेगळं. दोघांनाही बोलू द्यावं.

कान्हेरी हा याच धड्याचा दुसरा भाग. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि जवळपास हजार वर्षं तिथे भिक्षूंची वस्ती राहिली. ही लेणी ‘सुंदर’ आहेत एवढं सांगून सहल पुढे सरकते. पण तिथल्या शिलालेखांतून दिसतं ते एका धर्माचं अर्थकारण. भिक्षूला पैसा शिवायचा नाही, शेती करायची नाही, साठवायचं नाही. मग पावसाळ्याचे महिने एका जागी राहून तो खाणार काय? त्यासाठी दानशूर लोक शेतं लावून देत किंवा मुद्दल ठेवून त्याच्या उत्पन्नातून कायमची सोय करत. ‘अक्षयनीवी’ म्हणजे हीच न संपणारी ठेव. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत दिल्याची नोंद आहे, वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूला त्यातून चीवर मिळावं म्हणून. मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे. जिथे बसडेपो आहे, तिथल्या शेताच्या उत्पन्नावर कधीकाळी कान्हेरीच्या भिक्षूंचं वस्त्र येत होतं.

कल्याणचं नाव या लेखांत पुन्हा पुन्हा येतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कल्लिएना’ म्हणून जे व्यापारी शहर आलं आहे ते हेच. इथून नाणेघाटाने माल जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख वैदिक यज्ञांची यादी देतो आणि त्याच वाटेवरच्या जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांची दाटी आहे. यज्ञ करणारे राजे आणि भिक्षूंना दान देणारे व्यापारी एकाच रस्त्याने ये-जा करत होते. कल्याण शहरातही अंबालिका विहार नावाचा बौद्ध विहार होता. त्याची आठवण कान्हेरीच्या दगडाने ठेवली, शहराने ठेवली नाही.

आणखी एक गंमत. इ.स. १००९ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहायला आली आणि आपली नावं व तारीख पहलवी लिपीत भिंतीवर कोरून गेली. आज ते लेख इतिहासाचं साधन आहेत. आजच्या पोरांनी मात्र तसलं साधन मागे ठेवण्याच्या फंदात पडू नये.

टिटवाळ्याला सर्वांत जवळचं आहे ते लोनाड. भिवंडी तालुक्यातलं हे गाव कल्याणपासून हाकेच्या अंतरावर आहे. डोंगरात एक बौद्ध लेणं आहे आणि त्यात राजदरबाराचा भलामोठा शिल्पपट कोरलेला आहे. आज त्या लेण्यात देवीची पूजा चालते. त्याच परिसरात जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत आणि शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा लेख तिथल्याच चौधरपाड्याचा. एका दुपारच्या फेरीत मुलांना हजार वर्षांचा धार्मिक इतिहास थरांसारखा दिसू शकतो. बौद्ध लेण्यात देवी कशी आली, हा प्रश्न अवघड आहे म्हणून शिक्षक टाळतात. टाळू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा आहे, तिथे लाखो कोळी आणि आगरी कुटुंबं नवस फेडतात. कुणी कुणाचं काय घेतलं, काय मोडलं, काय नुसतं ओस पडलं होतं, याची उत्तरं प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत. सहावीत निदान प्रश्न कळावा.

इथपर्यंत इतिहास. श्रद्धा आणि विचार शिकवणं अधिक कठीण, कारण तिथे दगड मदतीला येत नाही.

बहुतेक ठिकाणी बुद्धाची गोष्ट म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांनी सुरू होते. चित्रात छान दिसते. पण धर्मानंद कोसंबींनी १९४०च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ लिहिताना ही कथा बाजूला ठेवली. सुत्तनिपातातल्या जुन्या वचनांचा आधार घेऊन त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या भांडणांकडे बोट दाखवलं. आपलेच लोक थोड्या पाण्यातल्या माशांसारखे तडफडत, एकमेकांशी झगडताना पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, असं त्यांचं म्हणणं. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये चार दृश्यांची कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे पटणार कसं, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि शाक्य संघातला मतभेद मध्यवर्ती मानला. दोन गावांमधल्या पाण्याच्या भांडणात युद्धाविरुद्ध उभा राहून घर सोडणारा तरुण, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्या मुलाला समजणार नाही? उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलाला तर नक्कीच. दोन्ही कथा वर्गात सांगाव्यात आणि इतिहासकार एकीवर शंका का घेतात, हेही सांगावं.

बुद्धाच्या काळाचंही तसंच. पाठ्यपुस्तकांत बहुधा इ.स.पू. ५६३ ते ४८३ असं असतं. श्रीलंकेच्या परंपरेने महापरिनिर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये धरलं, म्हणून १९५६ मध्ये अडीच हजारावी बुद्धजयंती साजरी झाली. अलीकडचे काही अभ्यासक तो काळ ४०० च्या आसपास आणतात. सनावळी पाठ करायला लावणाऱ्या शिक्षकाला हा गोंधळ नकोसा वाटेल. मुलांना मात्र मोठ्यांचं एकमत नाही हे ऐकायला आवडतं.

तत्त्वज्ञानातला सर्वांत अवघड भाग म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद आणि अनात्म. पण कसारा लाइनवरच्या मुलाला तो समजावणं सोपं आहे. आटगावला मालगाडी अडकली म्हणून लोकल उशिरा, लोकल उशिरा म्हणून बाबांची हजेरी चुकली, हजेरी चुकली म्हणून ते चिडून घरी आले. कुठलीही गोष्ट एकटी घडत नाही, आधीच्या कारणांनी घडते आणि कारण काढलं की परिणाम थांबतो. दुःखालाही हाच नियम लागू आहे, एवढं समजलं की चार आर्यसत्यं पाठ करावी लागत नाहीत. अनात्मासाठी परंपरेनेच उत्तम दृष्टान्त दिला आहे. भिक्षू नागसेनाने यवन राजा मिलिंदाला विचारलं, रथ म्हणजे नक्की काय? चाक, आस की दांडी? सगळे भाग सुटे केल्यावर रथ उरतो कुठे? मग ‘मी’ म्हणजे काय? आठवीतल्या मुलांना हा प्रश्न दिला तर ती तो रिकाम्या तासाला एकमेकांवर सोडतील, आणि शिक्षणाचा हेतू तोच असतो.

गोष्टी निवडताना गोड गोष्टींवर थांबू नये. किसा गोतमीची मोहरी सगळ्यांना ठाऊक असते. उपालीची कमी सांगितली जाते. उपाली शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्य तरुण प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांनीच बुद्धाला विनंती केली, की याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला नमस्कार करावा लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा जाईल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संघाचे नियम उपालीनेच म्हणून दाखवले. त्याच्याच शेजारी बुद्धाची मावशी महाप्रजापती गोतमी हिची गोष्ट ठेवावी. बुद्धाने स्त्रियांना संघात घ्यायला आधी नकार दिला, आनंदाने मध्यस्थी केली, आणि होकार मिळाला तोही आठ जाचक अटींसह, असं विनयपिटकात आहे. या अटी खरोखर बुद्धाच्या की नंतरच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्याच भिक्षुणींच्या रचनांचा थेरीगाथा हा संग्रह टिकला, आणि स्त्रियांनी रचलेल्या जगातल्या अतिप्राचीन काव्यांत त्याची गणना होते. मोठेपणा आणि मर्यादा दोन्ही एकत्र पाहिल्या तरच मुलांचा विश्वास बसतो. निव्वळ स्तुती त्यांना लगेच ओळखू येते.

स्वतः बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना दिलेला सल्ला इथे उपयोगी पडतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हा भाग भाषणांत नेहमी ऐकू येतो. पुढचा भाग गाळला जातो: लोभ, द्वेष, मोह यांतून काय निपजतं, कुणाचं अहित होतं, जाणती माणसं कशाला वाईट म्हणतात, हे स्वतः पडताळून पाहा. वाटेल ते मानण्याची ही मोकळीक नव्हे.

एवढं सगळं शिकवून झालं तरी एक मोठी चूक राहू शकते, आणि ती सर्रास होते. बौद्ध धर्म बाराव्या शतकाच्या आसपास भारतातून लोपला, असं म्हणून धडा संपतो. मग त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला बौद्ध मुलगा कोण? २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. कल्याण, उल्हासनगर, आंबिवलीपासून मांडा-टिटवाळ्यापर्यंतच्या वस्त्यांत विहार आहेत, वैशाख पौर्णिमेला खीर वाटली जाते, लग्नात त्रिसरण-पंचशील होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थविर चंद्रमणींच्या हस्ते बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि नंतर स्वतः लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह दिली. हा धडा सहसा वेगळ्याच इयत्तेत, ‘सामाजिक चळवळी’ या मथळ्याखाली येतो. बुद्ध सहावीत आणि बाबासाहेब पुढे कुठेतरी, अशी फाळणी झाली की मुलांच्या मनात जुना बौद्ध धर्म लेण्यांचा आणि नवा जातीचा, असा समज घट्ट होतो. बाबासाहेबांनी चार आर्यसत्यं, कर्म आणि पुनर्जन्म यांच्या रूढ अर्थाला आव्हान दिलं. थेरवादी भिक्षूंना ते सगळं मान्य झालं नाही. हा वाद धर्मातला आहे, जिवंत आहे आणि त्याची भाषा पुष्कळदा मराठी आहे. तो सातवी-आठवीत न पोचवणं म्हणजे लोनाडला जाऊन लेणं न बघता परतणं.

काही पालक लगेच विचारतील, शाळेत धर्म कशाला? प्रश्न रास्त आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. पण धर्माचं शिक्षण देणं आणि धर्मांविषयी शिकवणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं. वंदना म्हणायला लावणं हा एक प्रकार; वंदनेत काय म्हटलंय आणि लोक ती का म्हणतात हे समजून घेणं, हा दुसरा. हीच कसोटी उरलेल्या धर्मांनाही लावावी लागेल, आणि लावावीच. शाळांमध्ये होणाऱ्या आनापानाच्या वर्गांबाबतही हाच विवेक हवा. राज्यात ‘मित्रा उपक्रम’ या नावाने ते चालतात; त्यामागची परंपरा सत्यनारायण गोएंकांची, आणि तिचं मोठं केंद्र, धम्मगिरी, कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरीला आहे. श्वासाकडे दहा मिनिटं लक्ष दिल्याने वर्ग शांत होतो, हे खरं. पण शांत बसलेल्या मुलाला बौद्ध विचाराची ओळख झाली, असं धरून चालता येणार नाही.

उलट बाजूनेही बोलायला हवं. बौद्ध घरांत मुलांना पाली वंदना मुखोद्गत असते, उच्चारही स्वच्छ असतात. अर्थ विचारला की पुष्कळदा गाडी अडते. भारतीय बौद्ध महासभेची शिबिरं, विहारांतले रविवारचे वर्ग यांनी फार मोठं काम केलं आहे, शाळेने न केलेलं. तिथे पाठांतराबरोबर कान्हेरीचे दानलेख, थेरीगाथा, कोसंबी वाचले गेले, तर पुढची पिढी वादातही तयार होईल. ‘आपला धम्म विज्ञाननिष्ठ आहे’ हे वाक्य म्हणणं आणि प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगता येणं, या दोन वेगळ्या पात्रता आहेत.

लहान वयात हातात पडलेला मजकूर काय करू शकतो, याचे दोन दाखले मराठीतच आहेत. १८९७ मध्ये गोव्यातल्या साखवाळ गावी, नारळाच्या बागायतीत अडकून पडलेल्या विशीतल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा लेख वाचला. दोन वर्षांनी त्यांनी घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया करत १९०२ मध्ये ते श्रीलंकेला पोचले, पाली शिकले, फर्ग्युसनमध्ये ती शिकवली आणि हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’चं संपादन केलं. दुसरा दाखला विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा. त्यांनी १८९८ मध्ये लिहिलेलं मराठी बुद्धचरित्र विद्यार्थी भीमरावाला सत्कारात भेट दिलं. ते वाचल्यावर, वडिलांनी रामायण-महाभारत वाचायला लावलं, मग बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही, असा प्रश्न आपल्याला पडला, असं बाबासाहेबांनी पुढे नमूद केलं आहे. ‘बालबोध’च्या लेखाला परीक्षा नव्हती आणि केळुसकरांच्या पुस्तकावर स्वाध्याय नव्हते.

टिटवाळा-कल्याणच्या शाळांना यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायचं कारण नाही. लोनाड अर्ध्या दिवसात होतं. अशोकाच्या लेखांचे तुकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ब्राह्मी मुळाक्षरांचा तक्ता वर्गात आठवडाभर लावला तर सातवीची मुलं दानलेखातलं ‘कल्याण’ बोटाने अक्षरं लावत वाचतात. लिपी अवघड नाही, सवय लागते. कान्हेरीला पावसाळा सरताना न्यावं, तेव्हा टाकी भरलेली असतात आणि डोंगरावर हजार वर्षं माणसं कशी राहिली, हे न सांगता कळतं. फक्त लेणी सोमवारी बंद असतात, बसची आगाऊ रक्कम भरण्याआधी तेवढं पाहून घ्यावं.